एका प्रवासापुरता शिवलेला पोशाख: नील आर्मस्ट्राँगच्या स्पेससूटच्या जतनाचं प्रकरण

२००६ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमने आपल्या सर्वांत नावाजलेल्या वस्तूंपैकी एक प्रदर्शनातून काढून घेतली. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या अंगात असलेला स्पेससूट. या संग्रहालयाची इमारत १९७६ मध्ये उघडली आणि पुढची तीस वर्षं हा सूट तिथे लोकांसमोर उभा होता. तो फाटलेला नव्हता, कुणी त्याला धक्काही लावला नव्हता. काचेसमोर उभ्या असलेल्या माणसाला पांढरा, किंचित मळलेला, छातीवर निळ्या-लाल जोडण्या असलेला तोच ओळखीचा पोशाख दिसत होता. बिघाड होता तो आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरांमध्ये.

पुढे तेरा वर्षं हा सूट लोकांच्या नजरेआड राहिला. त्या काळात काय ठरलं, काय करायचं नाही असं ठरलं आणि २०१९ मध्ये तो पुन्हा कसा उभा राहिला, हा या प्रकरणाचा विषय. जुनं कापड, जुनं चामडं किंवा जुना कागद सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं. शंभर-दोनशे वर्षांचं रेशीम कसं जपायचं याचं ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पन्नास वर्षांचं रबर कसं जपायचं, हे मात्र अजून जगात कुणालाच पुरतं उमगलेलं नाही.

शिवणकाम करणाऱ्या बायका

सूट बनवला डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावच्या आयएलसी कंपनीने. नावाचा विस्तार इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशन. घरोघरी माहीत होता तो तिचा 'प्लेटेक्स' हा ब्रँड, म्हणजे बायकांची अंतर्वस्त्रं. १९६५ मध्ये नासाने अपोलो या चांद्रमोहिमांच्या सूटसाठी कंपन्यांची स्पर्धा घेतली. समोर विमान आणि संरक्षण क्षेत्रात मुरलेल्या कंपन्या असताना त्यात हे अंतर्वस्त्रवाले जिंकले. त्याचं कारण सरळ होतं. शरीराला घट्ट बसेल आणि तरी वाकेल असं रबर आणि कापड एकत्र कसं वागवायचं, हे त्यांना ठाऊक होतं. खांदा, कोपर, गुडघा इथे त्यांनी रबराचे घडीदार, भात्यासारखे सांधे बसवले. आत हवेचा दाब असतानाही अंतराळवीराला हातपाय हलवता येत ते या भात्यांमुळे.

शिवायला बसल्या त्या कंपनीच्याच शिवणकामगार बायका. त्यांतल्या काही कालपर्यंत कंबरपट्टे शिवत होत्या. टाका एक मिलिमीटरही इकडेतिकडे गेलेला चालत नसे. टाचण्यांचा वापर म्हणजे तर जिवाशी खेळ. एखादी टाचणी आत राहिली आणि दाबाच्या थराला टोचली, तर चंद्रावर माणूस मेला. म्हणून शिवलेले थर क्ष-किरणांखाली धरून राहिलेली टाचणी शोधत. आपल्याकडे ब्लाउज शिवताना टाचणी राहिली तर बोटाला टोचते, शिंपी दिलगिरी व्यक्त करतो आणि विषय मिटतो. या बायकांच्या डोक्यावर किती मोठं ओझं असेल, याची कल्पना त्या तुलनेतून येते.

प्रत्येक अंतराळवीरासाठी मापं घेऊन तीन सूट शिवले जात: एक उड्डाणाचा, एक सरावाचा, एक राखीव. म्युझियममधला सूट उड्डाणाचा. प्रकार ए-७-एल, क्रमांक ०५६.

एकवीस थर

या सूटला एकवीस थर आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. आतल्या बाजूला आरामासाठी नायलॉनचं अस्तर. मग निओप्रीन या कृत्रिम रबराचा लेप दिलेल्या नायलॉनची हवाबंद पिशवी, म्हणजे सूटचा खरा फुगा. त्यात शुद्ध ऑक्सिजन, समुद्रसपाटीवरच्या हवेच्या साधारण पाव दाबाने. फुगा फुगून गोल होऊ नये म्हणून त्याला आवरून धरणारा नायलॉनचा थर. त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिकचे पापुद्रे आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये जाळीदार कापड, असं एकाआड एक. ऊन असलेल्या जागी शंभर अंशांच्या वर आणि सावलीत शून्याखाली शंभराहून खोल जाणारं चंद्राचं तापमान हे पापुद्रे अडवत.

सर्वांत बाहेरचं पांढरं कापड म्हणजे बीटा क्लॉथ. काचेचे अतिशय बारीक तंतू, त्यावर टेफ्लॉनचा लेप. या कापडामागे एक दुःखद घटना आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत अपोलो-१ च्या यानाला आग लागली. शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या बंद केबिनमध्ये गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघंही गेले. त्यानंतर सूटच्या बाहेरचं नायलॉन काढून टाकण्यात आलं आणि न पेटणारं कापड आलं. आज आपण ज्याला 'चांद्रसूटचं पांढरं कापड' म्हणून ओळखतो, ते असं आलं.

हातमोज्यांवर आणि बुटांवर क्रोमेल-आर नावाचं धातूच्या तंतूंचं विणलेलं कापड, बोटांच्या टोकांना निळं सिलिकॉन रबर, गळ्याशी आणि मनगटाशी ॲल्युमिनियमची कडी, डोक्यावर पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक गोल आणि त्यावर सोन्याचा पातळ मुलामा दिलेला मुखपट्टा. म्हणजे एकाच पोशाखात कापड, काच, धातू, सोनं, निदान पाच-सहा प्रकारचं प्लास्टिक आणि दोन प्रकारचं रबर.

चंद्रावर जाऊन येण्यासाठी याहून चांगली रचना तेव्हा सुचणं कठीण होतं. टिकण्यासाठी याहून वाईट रचना सुचणंही तितकंच कठीण. वेगवेगळ्या स्वभावाचे हे पदार्थ एकमेकांना चिकटून, शिवून, चिकटवून ठेवलेले आहेत. एकाचा बिघाड शेजारच्याला लागतो आणि शेजारचा उसवल्याशिवाय बाहेर काढता येत नाही.

रबराला काय होतं

पावसाळा संपला की घडी घालून माळ्यावर टाकलेला रेनकोट चार-पाच वर्षांनी काढून पाहा. घड्या एकमेकींना चिकटलेल्या, हाताला तेलकट चिकटपणा, किंवा उलट, कडक होऊन वाकवताच तडा. जुन्या हॉट वॉटर बॅगचंही तेच. ऑक्सिजन, उष्णता, उजेड आणि ओल रबराच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडतात किंवा भलत्याच ठिकाणी जोडतात. बनवताना त्यात संरक्षक रसायनं घातलेली असतात, पण ती वर्षागणिक खर्च होत जातात.

आर्मस्ट्राँगच्या सूटमध्ये हेच चालू होतं, आणि त्याला आणखी काही गोष्टींची जोड मिळाली. निओप्रीनच्या रेणूत क्लोरीन असतं. ते जुनं होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. हेल्मेट आणि हातमोजे लावून सूट बंद ठेवला की ही वाफ आतच कोंडते, मग ती रबर आणखी वेगाने खाते आणि शेजारच्या धातूलाही गंज चढवते. पितळातलं तांबं हे तर रबराचं जुनं वैरी, आणि दाब धरणाऱ्या झिपमध्ये ही दोन्ही एकमेकांना लागून आहेत. सूटच्या आत घालायच्या, थंड पाणी खेळवणाऱ्या वेगळ्या कपड्यात पीव्हीसीच्या बारीक नळ्या असतात. अशा नळ्यांना लवचीक ठेवणारं तेलकट द्रव्य वर्षांनुवर्षं पाझरत राहतं आणि कापडावर तपकिरी डाग पाडतं.

तीस वर्षं प्रदर्शनात उभं राहिल्याने यात भर पडली. पुतळ्यावर चढवलेल्या सूटचं सगळं वजन ठरावीक ठिकाणी पेललं जात होतं, आणि कडक होत चाललेल्या रबरावर नेमका तिथेच ताण येत होता. वर दिव्यांचा उजेड होता.

यात कुणाचा हलगर्जीपणा शोधू नये असं माझं मत आहे. सत्तरच्या दशकात प्लास्टिक आणि रबर म्हणजे 'न सडणारे' पदार्थ, असाच समज होता. कापड, लाकूड, कागद यांची काळजी घेणारे लोक होते, पण नायलॉनची काळजी घ्यायची असते हेच कुणाच्या गावी नव्हतं. एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. म्युझियमकडे येण्याआधी हा सूट ड्रायक्लीन झाला होता. चंद्रावरून आलेली धूळ धुऊन काढायची वस्तू आहे असं तेव्हा वाटलं आणि त्या एका धुलाईत किती गेलं ते आता परत येणार नाही. नासाने १९७१ मध्ये सूट स्मिथसोनियनच्या, म्हणजे या म्युझियमच्या पालक संस्थेच्या, ताब्यात दिला, तो असा धुतलेला.

आडवा झोपवलेला सूट

२००० च्या सुमारास स्मिथसोनियनने आपल्या स्पेससूटची कसून पाहणी केली. अमेरिकी सरकारच्या 'सेव्ह अमेरिकाज ट्रेझर्स' या योजनेतून त्याला निधी मिळाला होता. सूटच्या संग्रहाची जबाबदारी तेव्हा अमँडा यंग यांच्याकडे होती. त्या पाहणीतून जे नियम निघाले ते ऐकायला साधे आहेत: सूट उभा टांगायचा नाही, आडवा ठेवायचा. आत मऊ आधार द्यायचा, म्हणजे घडी पडणार नाही. हातमोजे आणि हेल्मेट काढून वेगळे ठेवायचे, म्हणजे वाफ कोंडणार नाही. वर मलमलीचं आच्छादन. खोली थंड, कोरडी आणि अंधारी.

आजीच्या ट्रंकेत मलमलीत गुंडाळलेली पैठणी आणि अधूनमधून तिची मोडलेली घडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातलं निम्मं शहाणपण ओळखीचं वाटेल. उरलेलं निम्मं म्हणजे हवा खेळती ठेवणं आणि आम्लाची वाफ बाहेर काढणं. ते या नव्या पदार्थांनी शिकवलं.

थंडावा इथे कळीचा. तापमान जितकं कमी, तितकी रबराची मोडतोड सावकाश. पण फार गारठवलं तर रबर ठिसूळ होतं, आणि सगळीच ओल काढून घेतली तर इतर थरांना त्रास. म्हणून साधारण १७ अंश सेल्सिअस आणि ३० टक्के सापेक्ष आर्द्रता हा मधला मार्ग निघाला. एकवीस थरांपैकी कुठल्याही एकासाठी तो सर्वोत्तम नाही. सगळ्यांना मिळून तो कमीत कमी जाचक आहे.

या पाहणीनंतर २००६ मध्ये सूट प्रदर्शनातून निघाला आणि ट्रेवर आडवा झाला. जतनाच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला असता. तसाच अंधारात ठेवला तर तो सर्वांत जास्त टिकेल, यात कुणालाच शंका नव्हती.

दाखवायचा की नाही

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय. २०१९ मध्ये आर्मस्ट्राँगच्या अपोलो-११ मोहिमेला पन्नास वर्षं पुरी होणार होती. आर्मस्ट्राँग २०१२ मध्ये गेला होता. त्याचा सूट त्या वर्षी लोकांना दिसू नये, हे म्युझियमला पटण्यासारखं नव्हतं. उभा केला तर तो झिजणार, हेही नक्की होतं.

म्युझियमने दाखवायचा निर्णय घेतला आणि २० जुलै २०१५ रोजी लोकांकडे पैसे मागितले. किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवणाऱ्या वेबसाइटवरची ही मोहीम स्मिथसोनियनची अशी पहिलीच. उद्दिष्ट ५ लाख डॉलरचं होतं. पाच दिवसांत ते पुरं झालं. मग म्युझियमने वाढीव उद्दिष्ट ठेवलं, त्यात अमेरिकेचा पहिला अंतराळवीर ॲलन शेपर्ड याचा मर्क्युरी मोहिमेतला सूटही घेतला. शेवटी नऊ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ७ लाखांवर डॉलर दिले.

यावर टीका झाली. इमारत, कर्मचारी आणि संग्रहाची राखण यांसाठी सरकारचे पैसे मिळत असताना देशाच्या अशा ठेव्यासाठी झोळी का पसरायची, असा तिचा सूर होता. मला ती टीका पूर्णपणे गैरलागू वाटत नाही. लोकांना आर्मस्ट्राँगचं नाव माहीत होतं म्हणून पैसे जमले. त्याच संग्रहात असे कितीतरी सूट आहेत जे कुणी अनाम अभियंत्यांनी चाचणीत वापरले, फाडले, पुन्हा शिवले. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहायला ते कदाचित जास्त उपयोगी, पण त्यांच्यासाठी नऊ हजार माणसं पुढे येणार नाहीत. जतन लोकप्रियतेवर सोपवलं की असं होतं. तरीही या पैशांतून जे ज्ञान मिळालं ते एका सूटपुरतं राहिलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

न उसवता आत पाहणं

कामाची मुख्य जबाबदारी जतनतज्ज्ञ लिसा यंग आणि अंतराळपोशाखांच्या अभिरक्षक कॅथलीन लुईस यांच्याकडे होती. सूटच्या आतले थर कशा अवस्थेत आहेत हे कळायला शिवण उसवणं हा सर्वांत सोपा मार्ग. तो पहिल्या दिवसापासून बंद होता. डोव्हरच्या त्या बायकांनी घातलेला टाका हाच पुरावा आहे. तो उसवून तितक्याच कुशलतेने पुन्हा घातला, तरी तो आपला टाका होतो, त्यांचा राहत नाही.

म्हणून क्ष-किरण चित्रं, सीटी स्कॅन, त्रिमितीय स्कॅन आणि सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो. कोणता थर कुठे संपतो, भात्यासारखे सांधे कुठे कडक झाले आहेत, धातूच्या तारा कशा फिरतात, हे सगळं सूटला कात्री न लावता दिसू लागलं. पन्नास वर्षांपूर्वी विसरलेली टाचणी शोधायला वापरलेले क्ष-किरण पुन्हा त्याच पोशाखावर पडले. या कामातून तयार झालेलं त्रिमितीय रूप आज कुणालाही घरबसल्या फिरवून पाहता येतं. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच स्कॅनवरून बनवलेल्या प्रतिकृती अमेरिकेतल्या पंधरा बेसबॉल मैदानांवर उभ्या करण्यात आल्या.

मग प्रश्न आला मळाचा. सूटवर, विशेषतः पायांवर आणि गुडघ्यांभोवती, करडी छटा आहे. ड्रायक्लीनिंगनंतरही काचेच्या तंतूंमध्ये रुतून बसलेली ती चंद्राची धूळ. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, म्हणून तिथल्या धुळीच्या कडा घासून गुळगुळीत होत नाहीत. ती काचेच्या भुग्यासारखी धारदार राहते आणि कापडाची जरा हालचाल झाली की तंतू कापत जाते. निव्वळ कापडाच्या आयुष्याचा विचार केला तर ती काढायला हवी.

ती न काढण्याचं ठरलं. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय वाटतो. २० जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँग यानाबाहेर साधारण अडीच तास होता. त्यातली बहुतेक छायाचित्रं त्याच्यासोबत उतरलेल्या बझ आल्ड्रिनची आहेत, कारण कॅमेरा जास्त वेळ आर्मस्ट्राँगच्या हातात होता. तो स्वतः दिसतो तो मुख्यतः आल्ड्रिनच्या मुखपट्ट्यातल्या प्रतिबिंबात. त्याच्या चालण्या-वाकण्याची खूण अशी राहिली आहे ती या मळात. पाठीवरचं श्वासयंत्र आणि बुटांवरून घालायचे जाड तळव्यांचे जोडे परतीच्या वजनासाठी चंद्रावरच टाकून दिले. म्युझियममध्ये जे बूट दिसतात ते आतले. ज्या तळव्याने चंद्रावर पहिला ठसा उमटवला, तो तळवा आजही चंद्राच्या 'सी ऑफ ट्रँक्विलिटी' या मैदानावर पडून आहे.

फाटकं शिवणं, पिवळं पडलेलं पांढरं करणं, डाग पुसणं यांतलंही काही केलं नाही. ध्येय एकच होतं: जे चालू आहे त्याचा वेग कमी करायचा. जतनाच्या कामात 'पूर्ववत केलं' या शब्दांना फार टाळ्या पडतात, म्हणून इतक्या पैशांनंतर इतका संयम ठेवणं सोपं गेलं नसेल.

पुतळा आणि पेटी

खर्च आणि डोकं मुख्यतः लागलं ते पुतळ्यावर. स्कॅनवरून सूटच्या आतल्या मापाचा सांगाडा बनवला. वजन खांदा, कंबर, पाय असं सगळीकडे वाटलं जावं, कडक रबराला कुठेही वाकायला लागू नये, आणि सांगाड्याचा पदार्थ स्वतः कोणतीही वाफ सोडणारा नसावा, अशा अटी होत्या. सांगाड्यातून गाळलेली हवा सूटच्या आत फिरते आणि रबरातून सुटणारी आम्लाची वाफ बाहेर घेऊन जाते. चंद्रावर याच सूटमधून ऑक्सिजन खेळवला जात होता, आता पुन्हा हवा खेळते आहे. तेव्हा ती माणसासाठी होती, आता रबरासाठी.

बाहेरची काचपेटी अतिनील किरण अडवते, दिवे मंद आहेत, तापमान आणि आर्द्रता ट्रेवरच्या दिवसांसारखीच धरून ठेवलेली आहे. लांबून आलेल्यांना सूट थोडा अंधारात वाटतो. त्याला इलाज नाही.

१६ जुलै २०१९ रोजी, उड्डाणाला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, सूटवरचा पडदा दूर झाला. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स आणि आर्मस्ट्राँगचा मुलगा रिक हजर होते. चंद्रावरून आल्यावर आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि त्यांचा तिसरा सहकारी मायकेल कॉलिन्स जगभर फिरले. त्या दौऱ्यात २६ ऑक्टोबर १९६९ ला ते मुंबईतही येऊन गेले. मुंबईला तेव्हा माणसं दिसली, त्यांना जिवंत ठेवणारा पोशाख पाहायचा तर मात्र वॉशिंग्टनच गाठावं लागतं.

आर्मस्ट्राँगने १९९४ मध्ये, चांद्रमोहिमेच्या पंचविसाव्या वर्षी, सूट बनवणाऱ्यांना एक पत्र लिहिलं होतं. इतिहासात सर्वांत जास्त फोटो निघालेल्या यानांपैकी हे एक, पण त्याचं खरं सौंदर्य म्हणजे ते चाललं, असा त्याचा आशय. त्याने सूटला यान म्हटलं हे मला फार आवडतं. एका माणसापुरतं, शिवणयंत्रावर बनलेलं यान.

ऑक्टोबर २०२२ पासून सूट 'डेस्टिनेशन मून' या नव्या दालनात उभा आहे. आल्ड्रिन आणि कॉलिन्स यांचे सूटही स्मिथसोनियनकडेच आहेत. रबराची मोडतोड चालूच आहे, पूर्वीपेक्षा सावकाश. म्हणून पेटीतल्या हवेवर लक्ष ठेवणं, सांधे तपासणं आणि आधीच्या स्कॅनशी ताडून पाहणं हे काम संपलेलं नाही.